तीन थरांची भेसळ

आमच्या घरात सुना दोन. दोघी एकाच संस्थेत नोकरीला, दोघी एकाच पदार्थाच्या मागे लागलेल्या. पण सासूबाईंना विचाराल तर एक सून शास्त्रज्ञ आहे आणि दुसरी दगड भाजते. दगड भाजणारी ती मी.

शास्त्रज्ञ म्हणजे माझी धाकटी जाऊ. वयानं लहान, नोकरीत लहान, उंचीनंसुद्धा लहान, आणि तरी जिथे जाईल तिथे लोक आधी तिच्याकडे बघतात. मला तिचा हेवा वाटतो. उगाच आडपडदा कशाला ठेवू? वाटतो, आणि थोडाथोडका नाही. कुणी कौतुकानं तिचं नाव घेतलं की माझ्या पोटात दुखायला लागतं, ते संध्याकाळच्या चहापर्यंत दुखत राहतं.

त्यात तिची एक खोड. मी खोलीत शिरले की ही उठून उभी राहते. लग्न होऊन आली त्या दिवसापासून. हातात काम असो, पुढ्यात ताट असो, मांडीवर मूल असो, ही उभी. मी 'बस गं' म्हणेपर्यंत बसायची नाही. बघणारे म्हणतात, काय वळण आहे पोरीला. मी म्हणते, काय नाटक आहे.

आता कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचा पदार्थ म्हणजे तांब्याचं ऑक्साइड, सोबत बिस्मथ आणि आणखी दोनचार मंडळी. दिसायला काळा, ठिसूळ, रस्त्यात पडला तर कुणी वाकून उचलणार नाही असा. पण गार करत नेला की एका ठरावीक तापमानाला त्याच्यातला विजेचा सगळा अडथळा संपतो. वीज आत सोडली की ती नुसती वाहतच राहते. काही साधे धातूही असे वागतात, पण त्यांना फार म्हणजे फारच गारठवावं लागतं. आमचं हे काळं ध्यान त्या मानानं बऱ्याच उबेत तेच करून दाखवतं. का, ते नक्की कुणाला ठाऊक नाही. जगभरातली माणसं त्यावर डोकी फोडून म्हातारी झाली. एवढं कळलंय की एरवी एकमेकांना दूर ढकलणारे इलेक्ट्रॉन आत कुठेतरी जोड्या जमवतात. जोड्या कशाच्या जोरावर जमतात आणि कधी जमतात, अडथळा संपतो तेव्हाच की त्याच्या बऱ्याच आधी, यावरून भांडणं. आमच्यातल्या कुणाचं लग्न असलं की या जोड्यांवर एक तरी विनोद होतोच. माझ्या लग्नात झाला, धाकटीच्याही झाला. तिच्या वेळी लोक जास्त हसले.

मी हे स्फटिक वाढवते. तळघरात माझी भट्टी आहे. पावडरी मोजायच्या, कुटायच्या, भाजायच्या, पुन्हा कुटायच्या, मग रबराच्या नळीत ठासून त्याची काळी कांडी करायची. ती तारेनं भट्टीत टांगायची. चारी बाजूंनी दिव्यांचा झोत कांडीच्या एकाच टोकावर आणला की तिथे एक थेंब वितळतो. वर कांडी, खाली कांडी, मधे तो थेंब, कशाचाही आधार नसलेला. तो थेंब कांडीवरून इतका सावकाश सरकवायचा की बघणाऱ्याला झोप यावी. दिवसचे दिवस. दार जोरात आपटलं, दिवा जरासा मंदावला, की थेंब तुटला आणि सगळं मुसळ केरात. मी त्या थेंबाजवळ बसून असते. माझ्या मुलांच्या तापातही मी इतकी जागरूक नव्हते, असं माझा नवरा म्हणतो. तो दातांचा डॉक्टर आहे, त्याला बोलायला काय जातंय.

धाकटी वरच्या मजल्यावर बसते. तिच्या खिडकीतून झाडं दिसतात. मी वाढवलेला स्फटिक ती घेते, निर्वात पेटीत त्याचा वरचा पापुद्रा उडवते, आतल्या ताज्या पृष्ठभागावर किरण टाकते आणि बाहेर उडणारे इलेक्ट्रॉन मोजते. त्यावरून जोड्या जमल्यात की नाही ते कळतं. हुशारीचं काम आहे, नाही कोण म्हणतं. पण तो स्फटिकच नसेल तर ती कशावर किरण टाकणार आहे, स्वतःच्या कपाळावर?

तर हिला एक भलतीच गोष्ट दिसली. माझ्या एका स्फटिकात अडथळा संपायच्या बऱ्याच आधी, एका नेमक्या तापमानाला, जोड्यांची खूण उमटत होती. हळूहळू, धूसर अशी नाही; एकदम, रेघ ओढल्यासारखी. म्हणजे जोड्या आधी जमतात आणि मग आणखी गार झाल्यावर पावलं जुळवून चालायला लागतात. असं म्हणणारे पुष्कळ होते, पण इतक्या स्वच्छपणे दाखवलं कुणी नव्हतं. संस्थेत गडबड उडाली. बाहेरून फोन यायला लागले. लेख लिहून झाला. त्यात तिचं नाव पहिलं, माझं मधे कुठेतरी, चष्मा लावून शोधावं असं.

घरी तर विचारू नका. दोघींची घरं एकाच इमारतीत, खाली-वर, आणि सुट्टीच्या दिवशी जेवण सगळ्यांचं आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे.

"धाकटीनं म्हणे काहीतरी जगावेगळं शोधलं," आई म्हणाल्या आणि तिच्या ताटात वाढायला लागल्या.

"ताईंच्या स्फटिकामुळेच झालं ते, आई," धाकटी म्हणाली.

"असेल गं. दगड काय, कुणीही भाजेल. बघायला नजर लागते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पाण्याचा घोट घेतला आणि नवऱ्याकडे बघितलं. तो मान खाली घालून जेवत होता. आईसमोर त्याची नेहमीच दातखीळ बसते.

पण खरी गोष्ट त्यापुढची. आमच्या गटाचे प्रमुख निवृत्त होणार होते. बाहेरच्या तज्ज्ञांची समिती येणार, धाकटीचं काम ऐकणार, आणि ते पटलं तर प्रमुखपद तिला. संचालकांनी मला बोलावून हे गोड शब्दांत सांगितलं. म्हणाले, तुमच्या घरचंच माणूस, तुम्हाला आनंदच होईल. मी हो म्हणाले. बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले आणि माझे कान गरम झाले. म्हणजे घरात मी थोरली, आणि इथे ती माझी साहेब. भट्टीचे दिवे मागवायचे तर तिला विचारायचं. मूल आजारी पडलं तर रजेच्या अर्जावर तिची सही घ्यायची. आणि आई हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगणार, रोज सांगणार. नाही म्हणजे नाही. हे मला सोसणार नव्हतं.

आणि मग एक दिवस कांडी ठासता ठासता मला भेसळ आठवली.

या स्फटिकात तांब्या-ऑक्सिजनचे पापुद्रे असतात, दोनदोनच्या जोडीनं रचलेले. भट्टीत थोडं इकडेतिकडे झालं तर कुठेतरी दोनाच्या जागी तीन पापुद्रे एकत्र येतात. ही तीन थरांची जात वेगळी, आणि तिचा अडथळा जरा वरच्याच तापमानाला संपतो. अशी थोडी भेसळ आपल्या दोन थरांच्या स्फटिकात असली तर वरून बघणाऱ्याला वाटणार, अरे, जोड्या आधीच जमल्या. जमल्या कसल्या? त्या शेजारणीच्या जोड्या. धाकटीची ती रेघ ज्या तापमानाला उमटत होती, ते तापमान या तीन थरांच्या जातीच्या जवळपासचंच होतं. मी हातातला दांडा खाली ठेवला. मला इतकं बरं वाटलं की मी भट्टीच्या काचेत स्वतःकडे बघून हसले.

तुकडा मागायला जायचीही वेळ आली नाही. आमच्याकडे रीत आहे, मोजून उरलेला तुकडा वाढवणाऱ्याकडे परत येतो. एरवी कुणाच्यातरी हाती येतो. त्या दिवशी ती स्वतः तळघरात उतरली. मी खुर्चीत, ती समोर उभी, हातात छोटी डबी.

"ताई, हा उरलेला. ज्यावर मोजलं तोच. तुमच्याकडेच असू दे."

"ठेव तिथे."

"तुम्ही बघाल ना?"

"काय बघायचंय त्यात?" मी म्हटलं. ताकास तूर लागू दिली नाही.

ती जरा घुटमळली. मी 'बस गं' म्हटलं नाही, म्हणून बसली नाही, आणि निघून गेली.

त्या आठवड्यात मी चुंबकाच्या यंत्रावर जी बसले ती बसलेच. हा पदार्थ अडथळा टाकून देतो त्याच क्षणी चुंबकालाही बाहेर ढकलतो, त्यामुळे तापमान उतरवत नेलं की आलेखाची रेघ एका जागी धाडकन खाली येते. भेसळ असली तर त्याआधी, वरच्या तापमानाला, एक छोटी पायरी दिसते. मी त्या पायरीची वाट बघत होते. इतक्या आतुरतेनं मी माझ्या बारावीच्या निकालाची वाट बघितली नव्हती.

घरी नवऱ्याला सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"थांब," तो म्हणाला. "तो स्फटिक वाढवलास तू."

"हो."

"म्हणजे तू वाढवलेला स्फटिक नासका आहे, हे तुला सिद्ध करायचंय."

"हो."

"आणि तो नासका निघाला की तू खूश."

"खूप."

त्यानं घास चावून संपवला. "माझ्याकडे लोक दात वाचवायला येतात," तो म्हणाला. "शेजाऱ्याला त्रास व्हावा म्हणून चांगला दात किडका ठरवायला अजून कुणी आलेलं नाही."

"तुला नाही कळायचं. तुझा भाऊ तुझा साहेब होत नाहीये."

त्यानं ताटं उचलली. भांडीही त्यानंच घासली.

पायरी दिसली नाही. रेघ सरळ आली आणि जिथे यायला हवी तिथेच खाली आली. मी तुकडा उलटा ठेवला, चुंबक कमी केला, तापमान आणखी सावकाश उतरवलं. सरळ. मग म्हटलं, भेसळ फार थोडी असेल, चुंबकाला जाणवत नसेल. क्ष-किरणांवर घातला. तिथेही काही नाही. मग मी त्याची पातळ चकती काढली, इतकी पातळ की श्वास जोरात सोडला तर हरवेल, आणि मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बसले. त्यात पापुद्रे डोळ्यांनी दिसतात. दोन, जरा जागा, दोन, जरा जागा, दोन. मी बोट पडद्यावर ठेवून मोजत गेले, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, चकतीच्या वेगवेगळ्या जागी. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कुठेतरी तीन असतील. एकदा तरी तीन असा रे बाबांनो. सगळीकडे दोन. भात लावताना काढलेल्या ओळींसारखे, दोन, दोन, दोन.

इतका शुद्ध स्फटिक मी आयुष्यात वाढवला नव्हता. मीच काय, इतका स्वच्छ मी दुसऱ्या कुणाचाही बघितलेला नाही. एरवी मी मिठाई वाटली असती. त्या दिवशी त्या अंधाऱ्या खोलीत मला रडू फुटायचं बाकी राहिलं. माझ्याच हातांनी मला दगा दिला होता.

आणि नुसतं तेवढंच नाही. भेसळ नाही म्हणजे धाकटीची रेघ खरी. ती खरी आहे हे सांगू शकणारं सगळ्या जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे मी.

मी कुणालाही काही सांगितलं नाही. आलेख, चित्रं, सगळं माझ्या संगणकात राहू दिलं. खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता, खोटं मी कधी बोलत नाही. मला फक्त गप्प बसायचं होतं. कारण समितीत कोण येणार ते कळलं होतं. एक म्हातारे प्राध्यापक आहेत, आम्ही त्यांना मागून 'सुई' म्हणतो. कुठेही टोचायला बघतात. कुणी काहीही नवं सांगितलं की सुई पहिलं भेसळीचं विचारणार, हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ते विचारतील, धाकटीकडे उत्तर नसेल, समिती म्हणेल आधी तपासा मग बघू, आणि प्रमुखपद जाईल दुसऱ्या कुणाकडे. मला बोटही उचलायला नको. मनातल्या मनात मी तो प्रसंग इतक्या वेळा बघितला की त्यातल्या सुईंच्या कोटाचा रंगसुद्धा मी ठरवून टाकला होता.

कोट वेगळा निघाला. बाकी सगळं तसंच घडायला लागलं.

सभागृह भरलं होतं. मी मागच्या रांगेत, भिंतीला पाठ टेकून. धाकटी पुढे उभी राहून बोलली, आणि छान बोलली, हे मला मान्य करायला हवं. आवाज चढवला नाही, फुशारकी मारली नाही. स्फटिकाचं चित्र आलं तेव्हा तिनं थांबून माझं नाव घेतलं. लोकांनी वळून बघितलं, मी मान हलवली. मनात म्हटलं, मार गोड गोड गप्पा, आता बघ.

सुई उठले. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण तीन थरांची भेसळ नाही कशावरून?"

"माझ्या मोजमापावरून ते सांगता येत नाही," धाकटी म्हणाली.

"म्हणजे असू शकते."

"माझ्या मोजमापावरून सांगता येत नाही," ती पुन्हा म्हणाली. तिनं टेबलाची कड धरली.

संचालकांनी चष्मा काढून पुसला. समितीतले दोघं एकमेकांच्या कानाला लागले. पडली, मी म्हटलं. आता पडली. मी मांडीवर हात घट्ट धरून बसले होते. आनंद होत होता, खोटं कशाला बोलू, चांगला घसघशीत आनंद होत होता.

सुई बसले असते तर काम झालं होतं. पण टोचायची सवय.

"मी सांगतो काय झालंय ते," ते समितीकडे वळून म्हणाले. "हे स्फटिक वाढवणारे लोक. भट्टी लावायची आणि चहाला जायचं. थेंब हलतोय की नाही बघायचं कुणी? मग तिथून जो गाळ निघतो, तो हे वरचे लोक घेतात आणि त्यावर इमले रचतात. कुणाच्या तरी निष्काळजीपणाला यांनी शोध म्हटलंय, बाकी काही नाही."

गाळ.

मी कधी उभी राहिले मला माहीत नाही. शेजारच्या बाईची पर्स माझ्या धक्क्यानं खाली पडली.

"गाळ कुणाला म्हणताय?" मी म्हटलं.

सगळं सभागृह वळलं.

"आपण कोण?" सुई म्हणाले.

"चहाला जाणारी. स्फटिक माझा आहे. दहा वर्षांत भट्टी चालू असताना मी तळघराचं दार ओलांडलेलं नाही, विचारा कुणालाही. यात भेसळ नाही. एक पापुद्रा नाही."

"असं वाटणं आणि असणं..."

"वाटत नाहीये. मोजलंय." मी तरातरा पुढे गेले. माझा संगणक माझ्या पिशवीत होता. तो मी का आणला होता ते मला विचारू नका, मी स्वतःलाही विचारलेलं नाही. तार जोडायला माझ्या हातांना जमेना, तेव्हा धाकटीनं ती जोडून दिली. पडद्यावर चुंबकाचा आलेख आला. "ही रेघ. दाखवा पायरी. दिसतेय? मलाही नाही दिसली. हे क्ष-किरण. आणि हे बघा, हे डोळ्यांनी बघा. दोन, दोन, दोन. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलेत. तुम्हीही मोजा, मी थांबते."

सुई खरंच पडद्याजवळ गेले आणि बोट ठेवून मोजायला लागले. सगळे थांबले. ते बऱ्याच वेळानं वळले.

"इतकं कुणी तपासत नाही," ते म्हणाले. आवाज बदलला होता. "कशासाठी तपासलंत?"

"भेसळ सापडावी म्हणून."

"सापडू नये म्हणून, म्हणायचंय का?"

"सापडावी म्हणून. मला ती हवी होती. जीव तोडून शोधली. नाही मिळाली."

कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. सुई मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग धाकटीकडे, आणि म्हणाले, "मग माझी शंका मिटली. आणि बाई, गाळ म्हणालो ते मागे घेतो. असा स्फटिक मी बघितलेला नाही."

टाळ्या वाजल्या. मी जागेवर येऊन बसले, पर्सवाल्या बाईला पर्स उचलून दिली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की मी काय करून बसले. हातातोंडाशी आलेला घास मी स्वतः उचलून तिच्या ताटात वाढला होता. तोही व्यवस्थित, चित्रांसकट.

नंतर चहाच्या टेबलाशी तिनं मला गाठलं. माझ्यासाठी कप घेऊन आली होती. साखर बरोबर घातलेली.

"तुला माहीत होतं मी मोजलंय ते," मी म्हटलं.

"चुंबकाच्या खोलीबाहेर फळ्यावर तुमचं नाव होतं. आठवडाभर."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

मी चहा प्यायले. गरम होता, जीभ पोळली.

"ताई, वर सगळे मला छान छान म्हणतात," ती म्हणाली. "बरोबरचे, संचालक, सगळे. मला रात्री झोप लागायची नाही. माझं चुकतंय का ते मनापासून बघायला बसेल असं कोण होतं? म्हणून तुकडा घेऊन मी स्वतः आले."

"माझ्याकडे."

"तुमच्याकडेच."

ती हे सहज म्हणाली, टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी परत दिला असता.

"आणि सुई?"

"भेसळीचं विचारा, असं मीच त्यांना आधी कळवलं होतं. तो प्रश्न आज झालाच नसता तर पुढे आयुष्यभर होत राहिला असता. गाळ हा शब्द मात्र त्यांचा."

"आणि मी उठले नसते तर?"

"तर पडले असते," ती म्हणाली. "तुम्ही उठेपर्यंत मला वाटत होतं, पडलेच."

म्हणजे बघा. एवढी वर्षं मी तिच्यावर जळले, आणि ते मला वाटत होतं की माझं मलाच ठाऊक आहे. तिनं ते कधीच ओळखलं होतं. नुसतं ओळखलं नव्हतं, कामाला लावलं होतं. वरच्या मजल्यावरच्या त्या महागड्या यंत्रांतलं एकही तिच्या उपयोगी पडलं नाही, माझा जळफळाट पडला. आणि मी? मला तिच्याबद्दल काय ठाऊक होतं? ती उभी राहते, एवढंच. तिला झोप लागत नाही हेही मला कधी दिसलं नव्हतं. हुशारीचा हेवा मी एक वेळ केला असता, करतच होते. पण ती मला माझ्यापेक्षा चांगलं ओळखते, याचा जो हेवा त्या चहाच्या टेबलाशी वाटला, त्याला तोड नाही.

प्रमुखपद तिला मिळालं. आईंनी जेवायला बोलावलं. धाकटीला वाढून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुझा दगड चांगला निघाला म्हणे."

"हो, आई."

"कुणीतरी मोठा माणूस म्हणाला म्हणे, असा बघितला नाही."

"हो."

"बरं," आई म्हणाल्या आणि मला वाढलं. नवऱ्यानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. मी तो बाजूला सारला. त्यानं पुन्हा ठेवला, तेव्हा राहू दिला.

पुढच्या महिन्यात भट्टीचा एक दिवा गेला. नवा मागवायचा तर प्रमुखांची सही हवी. दोन दिवस मी ते टाळलं. मग म्हटलं, किती टाळणार, आणि कागद घेऊन वर गेले. जिना चढताना मी सगळं ठरवलं होतं. ती मोठ्या टेबलामागे खुर्चीत बसलेली असेल. मला म्हणेल, बसा ना ताई. मी उभीच राहीन. सही घेईन आणि येईन. आणि खाली उतरताना मनात तिला काय काय म्हणायचं, तेही तयार होतं, चांगलं सणसणीत.

दार उघडंच होतं. ती मोठ्या टेबलामागे बसलेली होती, समोर दोन नवीन मुली काहीतरी विचारत होत्या. तिनं मान वर केली, मला बघितलं, आणि उठून उभी राहिली.

त्या मुलीही गोंधळून उभ्या राहिल्या.

"अगं, बस," मी म्हटलं. "साहेब आहेस तू आता."

"सवय आहे," ती म्हणाली आणि हात पुढे करून कागद घेतला. वाकून, उभ्याउभ्याच सही केली.

मी कागद घेऊन जिन्यापर्यंत आले आणि थांबले. तयार केलेलं एकही वाक्य आठवेना. बसून राहिली असती तर काय बिघडलं असतं तिचं? बसली असती, तर मला निदान तिचा राग तरी करता आला असता.